बाळ, डाळ आणि चाळीस मिलिसेकंद

'बाळ' आणि 'डाळ' हे शब्द मोठ्याने म्हणून पहा. 'आळ' दोन्हींत सारखाच. फरक आहे तो व्यंजनात, आणि व्यंजनाकडून स्वराकडे जाताना आवाज झपाट्याने पालटतो त्यात. हा पालट सुमारे ४० मिलिसेकंदांत उरकतो. तेवढ्यात तो मेंदूने टिपलाच नाही तर?

हा प्रश्न पॉला टलाल आणि माल्कम पिअर्सी यांना पडला. कान चांगले, बुद्धी सर्वसाधारण, तरी भाषा नीट येत नाही अशी मुले त्यांनी घेतली. (वर्गात असे मूल दिसले तर आधी श्रवणतपासणी करून घ्यावी, हे सांगायलाच हवे.) एक उंच व एक खालचा असे दोन स्वर ऐकवायचे, प्रत्येक ७५ मिलिसेकंदांचा, आणि मुलाने त्याच क्रमाने बटणे दाबायची. दोन स्वरांमध्ये जेमतेम ८ मिलिसेकंदांची फट असली तरी इतर मुलांना ते जमे. या मुलांना सुमारे ३०० लागत. हे १९७३ साली प्रसिद्ध झाले.

पुढे मायकेल मर्झेनिक यांनी माकडांवर दाखवले की सरावाने मेंदूतील श्रवणाचा नकाशा बदलतो. मग मुलांचा का बदलू नये? जानेवारी १९९६ मध्ये टलाल व मर्झेनिक यांच्या गटांचे दोन निबंध 'सायन्स'मध्ये आले. संगणकाने बोलणे दीडपट लांबवले, त्यातले झटपट पालटणारे भाग मोठे केले आणि मुलांना त्याचे खेळ दिले. चार आठवड्यांत भाषेच्या चाचण्यांत सुमारे दोन वर्षांची प्रगती दिसली! पहिल्या प्रयोगात मुले होती ७, दुसऱ्यात २२. एवढ्या पुराव्यावर 'फास्ट फॉरवर्ड' नावाने हे खेळ लवकरच विक्रीला आले. हे घाईचे झाले असे आमचे मत आहे. मूल बोलावे म्हणून आसुसलेल्या पालकांना किंमत मोजायला लावण्याआधी थांबायला हवे होते.

खरी कसोटी २००८ साली लागली. रोनाल्ड गिलम आणि सहकाऱ्यांनी ६ ते ९ वर्षांच्या २१६ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. एकाला हे खेळ, दुसऱ्याला बदललेले बोलणे नसलेले भाषेचे संगणक-खेळ, तिसऱ्याला वाचातज्ज्ञासमोर बसून शिकणे, आणि चौथ्याला गणित, विज्ञान, भूगोलाचे खेळ. रोज १ तास ४० मिनिटे, आठवड्याला ५ दिवस, ६ आठवडे. चारही गट सुधारले, आणि जवळजवळ सारखेच. भूगोल खेळणारी मुलेसुद्धा!

मग १९७३ चे निरीक्षण खोटे होते काय? तसे नाही. पण पुढे असे आढळले की भाषेची अडचण असलेल्या कित्येक मुलांना जलद स्वर नीट ओळखता येतात, आणि काही चांगले बोलणाऱ्यांना ते येत नाहीत.

गिलम यांच्या प्रयोगात काहीच न मिळालेल्या मुलांचा पाचवा गट नव्हता. त्यामुळे सुधारणा वाढत्या वयाची, तीच चाचणी पुन्हा दिल्याची, की रोज कोणी मोठे माणूस शेजारी बसून लक्ष देत होते त्याची, हे त्यातून निवडता येत नाही.