दोन धावांमधली जागा

मराठी माणसाला ‘इंटरव्हल’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो थिएटरात. पडदा मिटतो, दिवे लागतात, बाहेर बटाटेवड्यापाशी झुंबड उडते. इंटरव्हल म्हणजे खेळ थांबलेला वेळ, याबद्दल कोणालाच शंका नसते. तोच माणूस चाळिशीत पळायला लागला आणि पहाटे मैदानावर जाऊ लागला, की त्याच शब्दाचा अर्थ उलटा होतो. “सर, आज किती इंटरव्हल?” “आठ. चारशेचे.” इथे इंटरव्हल म्हणजे छाती फुटेस्तोवर मारलेली फेरी. मधल्या थांब्याची आठवण फक्त पायांना असते.

हा उलटा प्रवास मला नुसता भाषेतला वाटत नाही. दम वाढवायचा तर आठवड्यातून किती वेळा इंटरव्हल करावेत, हे पळणारे एकमेकांना सतत विचारत असतात. त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या शब्दाच्या कुळात आहे.

शब्द मूळचा लॅटिन, ‘इंटरव्हॅलम’. ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘व्हॅलम’ म्हणजे तटबंदी. रोमन सैन्याच्या छावणीत तट आणि तंबू यांच्यामध्ये एक रुंद पट्टी मोकळी सोडलेली असे. शत्रूची शस्त्रं तंबूंपर्यंत पोचू नयेत आणि सैन्याला हालचालीला जागा मिळावी, म्हणून. रिकामी दिसणारी ती पट्टी छावणीचं रक्षण करत होती. पुढे जागेवरचा शब्द काळावर आला आणि दोन गोष्टींमधल्या अवकाशाला लागू झाला.

पळण्याच्या सरावात तो रुजला जर्मनीत. तुकड्यातुकड्यांनी पळण्याची रीत त्याआधीची आहे. फिनलंडमध्ये लाउरी पिहकाला मेहनतीला विश्रांतीची जोड द्यायला सांगत होते, आणि स्वीडनमध्ये १९३०च्या दशकात गोस्टा होल्मर यांनी रानवाटांवर मनाला येईल तसा वेग बदलत पळण्याचा ‘फार्टलेक’ आणला. पण त्या रीतीला घड्याळ आणि नाडी यांची शिस्त लावली ती प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि फ्रायबुर्गचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल या जोडीने. हृदयाचा डॉक्टर आणि मैदानावरचा माणूस एकत्र बसले, म्हणून हे घडलं.

त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. आधी अंग तापवायचं. मग १०० किंवा २०० मीटरसारखं छोटं अंतर असं पळायचं, की नाडी मिनिटाला १८०च्या आसपास जाईल. मग थांबायचं आणि नाडी मोजायची. ९० सेकंदांच्या आत ती १२०वर उतरली, की पुढची धाव. उतरली नाही, तर अंतर जास्त झालं किंवा वेग जास्त झाला असं समजायचं. या पद्धतीत किती पळायचं हे ठरवण्याचा अधिकार विश्रांतीकडे होता! राइंडेल यांचं म्हणणं असं, की धाव थांबल्यानंतरच्या त्या थोड्या वेळात हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा ओघ मोठाच असतो आणि प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त रक्त बाहेर टाकतं. हृदयाची वाढ होते ती त्या वेळात. म्हणून सरावाला नाव मिळालं ते थांब्याचं. जर्मन लोक त्या थांब्याला ‘लोनेंडे पाउझे’ म्हणतात, म्हणजे फळ देणारी विश्रांती. शरीरशास्त्राने पुढे या स्पष्टीकरणात दुरुस्ती केली. आता जास्त श्रेय दिलं जातं ते ऑक्सिजनचा वापर कमाल पातळीजवळ असताना घालवलेल्या मिनिटांना. पण ती मिनिटं जमवायची तर मधले थांबे लागतातच, त्यामुळे नाव चुकीचं ठरलेलं नाही.

गेर्शलर यांचा शिष्य ड्रेस्डेनचा रुडोल्फ हार्बिग. १५ जुलै १९३९ला मिलानमध्ये तो ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळाला. आधीचा विश्वविक्रम १:४८.४ होता. एवढ्या छोट्या शर्यतीत १.८ सेकंद एकदम कमी होणं म्हणजे काय, हे स्टॉपवॉच हातात धरलेल्या कोणालाही कळेल. तो विक्रम १९५५पर्यंत टिकला. तो मोडलेला पाहायला हार्बिग नव्हता. १९४४मध्ये पूर्व आघाडीवर तो मारला गेला.

युद्धानंतर शब्द जगभर गेला आणि वाटेत त्याचा अर्थ सांडला. याला मोठं कारण, माझ्या मते, एमिल झाटोपेक. १९४८च्या ऑलिंपिकच्या सुमारास २०० मीटरच्या पाच, ४०० मीटरच्या वीस आणि परत २०० मीटरच्या पाच धावा, मध्ये फक्त हळू पळत घेतलेला दम, असा त्याचा दिवस असे, आणि असे दिवस तो एकामागून एक काढी. १९५२ला हेलसिंकीत त्याने ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली. जगाने त्याच्या फेऱ्या मोजल्या. हंगेरीचे मिहाय इग्लोई यांच्या शिष्यांनीही तुकड्यांचा सराव रोजचा केला आणि विक्रम केले. जितके जास्त तितके चांगले, ही समजूत इथून पक्की झाली. झाटोपेकबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याची कोष्टकं नोकरी सांभाळून पळणाऱ्या माणसाच्या हाती देणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यापेक्षा रॉजर बॅनिस्टरची गोष्ट आपल्या जवळची. तो वैद्यकीचा विद्यार्थी, सरावाला वेळ दुपारच्या सुट्टीतला. ४४० यार्डांच्या दहा धावा, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. हिवाळाभर वेळ कमी होत गेली आणि एप्रिल १९५४मध्ये ६१ सेकंदांवर अडकली. हवे होते ६०. तेव्हा तो आणि सरावातला सोबती ख्रिस ब्रॅशर सराव सोडून स्कॉटलंडला डोंगर चढायला गेले. परत आल्यावर काही दिवसांतच त्या दहा धावा ५९ सेकंदांत झाल्या. मोठ्या शर्यतीआधी पाच दिवस तो मुळीच पळाला नाही. ६ मे १९५४ला ऑक्सफर्डच्या आयफ्ली रोडवर त्याने मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पूर्ण केला. दोन धावांमधला थांबा त्याने दोन दिवसांमध्ये, दोन आठवड्यांमध्ये नेला, असं मी या गोष्टीकडे पाहतो. आठवड्यातून किती वेळा, हा प्रश्नही त्या मोठ्या थांब्याचाच आहे.

प्रयोगशाळांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. १९७७मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी लोकांकडून दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस कडक सराव करून घेतला: तीन दिवस सायकलवर इंटरव्हल, तीन दिवस ४० मिनिटं पळणं. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे धावणाऱ्यांच्या तोंडी असलेलं ‘व्हीओटू मॅक्स’, सरासरी ४४ टक्क्यांनी वाढली. हा आकडा डोळे दिपवतो. पण मला त्यांचा १९८१चा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. असाच सहा दिवसांचा सराव झाल्यावर त्यांनी दिवस चारवर, काहींचे तर दोनवर आणले. त्या दिवसांची तीव्रता मात्र तीच ठेवली. १५ आठवड्यांनंतरही कमावलेली क्षमता टिकून होती. कमावायला लागतात तेवढे दिवस राखायला लागत नाहीत.

१९९६चा इझुमी ताबाता यांचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो तो अर्धाच. २० सेकंद जोर, १० सेकंद थांबा, सात-आठ वेळा. जिममध्ये ‘ताबाता’ म्हणून हे चार मिनिटांत उरकतात. पण ते करणारे क्रीडाशिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते, आणि आठवड्याच्या पाच दिवसांतल्या एका दिवशी त्यांना अर्धा तास सलग, मध्यम जोराने सायकल चालवायची होती. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये २००७च्या अभ्यासात चार मिनिटांच्या चार धावा, मध्ये तीन मिनिटं हलकं पळणं, आठवड्यातून तीनदा आणि आठ आठवडे, असा क्रम होता. व्हीओटू मॅक्समध्ये वाढ ७.२ टक्के झाली. फ्रान्सच्या व्हेरोनिक बिया यांनी १९९९मध्ये सरावलेल्या आठ धावकांवर अभ्यास केला. आठवड्यातून एकदा इंटरव्हल ठेवले तेव्हा त्यांचा वेग वाढला; पुढे चार आठवडे तीनदा ठेवले तेव्हा आणखी काही वाढला नाही, फक्त रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढलं, म्हणजे शरीरावरचा ताण.

या सगळ्यातून मी स्वतःसाठी काढलेला हिशेब असा. नव्याने पळणाऱ्याने आधी काही आठवडे, बोलता येईल अशा वेगाने पळून पाया घालावा, मग आठवड्यातून एकदा इंटरव्हल करावेत. अंगवळणी पडले की दोनदा, मध्ये निदान दोन रात्री सोडून. बाकीचे दिवस खरोखरच सावकाश. तिसरा दिवस ठरावीक आठ आठवड्यांपुरता, झोप नीट होत असेल तरच. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि घरात हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये; १८०चा आकडा तर पन्नाशीच्या माणसाने विसरूनच जावा.

आमच्या मैदानावर एक निवृत्त सर आहेत. फ्रायबुर्गचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, पण प्रत्येक फेरीनंतर ते सगळ्यांना मानेवर बोटं ठेवायला लावतात. घड्याळाकडे पाहत पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचं. मागच्या सोमवारी पाचव्या फेरीनंतर दीड मिनिट झालं तरी माझी नाडी खाली येईना. तीन फेऱ्या बाकी होत्या.

“आज एवढंच,” सर म्हणाले. “स्वेटर घाला. गुरुवारी या.”