शास्त्र आणि हातांचें शिक्षण

आमच्या जालना जिल्ह्यांत कपाशीच्या बीजोत्पादनाचें काम ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्यांतील नाजूकपणा सांगावयास नको. कळीचे परागकोश सायंकाळीं नखांनीं अलगद काढावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिला परवाणाचा पराग लावावयाचा. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यास 'महिको' स्थापिली. पुढें संकरित बियाण्यांचा धंदा वाढला तो अशाच शिकलेल्या हातांवर.

प्रयोगशाळेची गोष्टही याहून निराळी नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांस ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक खोली, एक कारकून व तीन शिपाई मिळाले. तेवढ्यावर त्यांनीं लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं परळच्या जुन्या राजभवनांत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. परंतु १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा भुईवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. तरी हाफकिन निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडलें. शास्त्र बरोबर होतें, एक हात अशिक्षित राहिला होता.

आजच्या एच.आय.व्ही.च्या संशोधनास हा धडा अधिकच लागू आहे. हा विषाणु आपला जनुकलेख मनुष्याच्या पेशींतील जनुकांतच लिहून ठेवतो व तेथें दडून बसतो. औषधांनीं तो दबतो, नाहींसा होत नाहीं. तो समूळ काढावयाचा तर त्याचा लेख वाचणारे निष्णात हात पाहिजेत. भारतांत व दक्षिण आफ्रिकेंत त्याचा 'सी' उपप्रकार मुख्य आहे, तर युरोप-अमेरिकेंत 'बी'. तेव्हां वाचन केवळ तिकडेच झालें, तर आपला रोग दुसऱ्याच्या रोगावरून ताडावा लागेल. १९९२ सालीं पुण्यास राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली, तिचें महत्त्व येथें आहे. आफ्रिकेंतही स्थानिक तरुण हें काम शिकले. आणि बोट्स्वानांतील एच.आय.व्ही.च्या प्रयोगशाळेंत तयार झालेल्या हातांनींच नोव्हेंबर २०२१ मध्यें कोरोनाचा 'ओमिक्रॉन' हा नवा प्रकार ओळखला. एका रोगासाठीं मिळविलेलें कौशल्य दुसऱ्या रोगास असें उपयोगीं पडतें.

आमच्या वर्गांतील मुलें जनुकाची व्याख्या तोंडपाठ म्हणतात. पण तीं उपकरणें पुष्कळांच्या हातीं पदवी मिळेपर्यंत येत नाहींत. त्यांतील कित्येकांच्या आया मात्र पहांटे कपाशींत उभ्या राहून दिवसभर कळ्या हाताळतात आणि चुकत नाहींत.