आधी हिशेब, मग नोंदणी

गटांच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. पापड, मसाले, शिवणकाम करणाऱ्या आपण एकत्र आलो, काम चालू आहे. आता संस्था म्हणून नोंदणी करायची का? कोणी म्हणतं, कागद झाला की मान मिळतो. कोणी म्हणतं, कागद आला की कटकट मागे लागते. आपल्या आधीच्या बायकांनी काय केलं, ते बघूया.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. देणगी मागायची नाही, माल चांगलाच द्यायचा आणि हिशेब चोख ठेवायचा, ही शिस्त सुरुवातीपासून होती. हेच पुढे ‘लिज्जत’ झालं. पण संस्थेची नोंदणी झाली १९६६ साली, म्हणजे सात वर्षांनी. तोवर घडी बसली होती, बायका वाढल्या होत्या. त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. असं दार संस्था म्हणून उभं राहिल्यावरच उघडतं.

अहमदाबादच्या बायकांना मात्र थांबून चालणार नव्हतं. कापडबाजारात डोक्यावर गाठी वाहणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या या बाया. व्यापारी देईल ती मजुरी घ्यायची. १९७१ च्या डिसेंबरात इला भट्ट यांच्यासोबत त्यांनी ‘सेवा’ स्थापली आणि कामगार संघटना म्हणून अर्ज केला. सरकारी निबंधक म्हणाले, तुम्हाला मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध? बायकांचं उत्तर होतं: संघटना कोणाच्या विरुद्ध नसते, आपल्या एकीसाठी असते. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी मिळाली. पुढे १९७४ साली चार हजार जणींनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. एकच माणसं, पण मजुरीसाठी संघटना आणि पैशासाठी सहकारी बँक. जसं काम, तसा कागद.

आता आपलं बघा. बचतगटाला नोंदणीशिवाय बँकेत खातं मिळतं. पण चार गट मिळून पिठाची गिरणी घेणार असतील, तर ती कोणाच्या नावावर? एकीच्या नावावर घेतली आणि उद्या तिचं काही झालं, तर तिचे वारस हक्क सांगतील. सगळ्यांचा घाम जाईल. म्हणून सामाईक मालमत्ता आली की नोंदणी हवीच.

पण कोणती? धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या संस्थेत कामाची मजुरी देता येते, नफा मात्र सभासदांत वाटता येत नाही. नफा वाटायचा असेल तर सहकारी संस्था बघावी. आणि दोन्हीकडे दरवर्षी लेखापरीक्षण आहे, पदाधिकारी बदलले की कळवणं आहे. ते कोण करणार, हे आधी ठरवा.

माझं मत विचाराल, तर घाई नको आणि भीतीही नको. आधी वर्षभर ठरावाची वही नीट लिहा, हिशेब सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, अध्यक्षपद फिरतं ठेवा. एवढं जमलं, तर कागद आपल्याला बळ देईल. नाही जमलं, तर ज्या एकीच्या हाती शिक्का, तिचीच संस्था होऊन बसेल. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.