मुका ‘के’ काय सांगतो?

शाळेत आपण सगळ्यांनी ती यादी पाठ केली आहे : उच्चार एक, स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा. नाइट म्हणजे रात्र आणि नाइट म्हणजे सरदार. फक्त सरदाराच्या आधी एक मुका ‘के’. बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला, हे मात्र कुणी विचारलं नाही. संशोधनाची सुरुवात अशाच प्रश्नापासून होते.

उत्तर असं की, तो ‘के’ मुका नव्हताच. १४व्या शतकातल्या इंग्रजीत सरदाराचा उच्चार साधारण ‘क्निख्त’ होता आणि रात्रीचा ‘निख्त’. आज गप्प असलेला ‘जीएच’सुद्धा तेव्हा बोलला जायचा. जर्मनमधले त्यांचे भाऊबंद, ‘क्नेख्त’ आणि ‘नाख्त’, अजूनही तसेच ऐकू येतात. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. जीभ मात्र बदलत राहिली. ‘मीट’ची जोडीही अशीच : भेटण्यातला ‘डबल ई’ आणि मांसातला ‘ईए’ हे पूर्वी दोन वेगळे स्वर होते, नंतर ते एक झाले. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण वेगळे लिहितो, पण बोलताना फरक करतो का? तसंच हे.

मग नियम ठरला का, की वेगळं स्पेलिंग म्हणजे जुना वेगळा उच्चार? इथेच मी फसलो.

इंग्रजीत पीठ आणि फूल यांचा उच्चार एकच, ‘फ्लावर’. पण इथे दोन शब्द एक झालेले नाहीत, एका शब्दाचे दोन झाले आहेत. दळलेल्या गव्हाचा सगळ्यात उत्तम भाग म्हणजे गव्हाचं ‘फूल’. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही दोन्ही अर्थ फुलाच्याच स्पेलिंगखाली आहेत. पिठाचं वेगळं स्पेलिंग १९व्या शतकात रुळलं.

हे माहीत नसताना मी जुन्या पुस्तकांच्या डिजिटल संग्रहात पिठाचं आजचं स्पेलिंग टाकून शोध घेतला. नोंदी फार कमी आल्या, आणि ‘त्या काळी पिठाचा उल्लेख क्वचितच होतो’ असं मी लिहूनही टाकलं! गाइडनी एकच विचारलं, “तेव्हा हा शब्द कसा लिहायचे?” सगळं पान खोडावं लागलं.

तेव्हा संग्रहात शब्द शोधण्याआधी त्या काळातला कोश उघडा. स्पेलिंग हाही पुरावाच आहे, आणि प्रत्येक पुराव्याला स्वतःची तारीख असते.