शाळेच्या पटांगणातील काता

शोतोकान परंपरेच्या कराटेवर्गात नवागत विद्यार्थ्यास आरंभी जी काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, घोटवून घेतात ती बहुधा ‘हेइआन शोदान’ असते. आणि जी प्रथम शिकवितात तीच सर्वांत प्राचीनही असावी, असा समज सहज होत असला तरी तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, कारण ही काता विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शाळकरी मुलांसाठी रचली गेली.

कराटेची जन्मभूमी असलेले ओकिनावा हा मूळचा र्‍युक्यू राजांचा मुलूख. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सरदारांनी त्यांस मांडलिक केले व १८७९ मध्ये जपानी सरकारने ते राज्य खालसा केले. त्या काळची तालीम एकांतातली होती. पुढे शोतोकान परंपरेचे प्रवर्तक ठरलेले फुनाकोशी गिचिन तरुणपणी रात्री आपले गुरू आझातो आन्को यांच्या अंगणात जात, आणि गुरुजी मंद दिवा शेजारी ठेवून पडवीत ताठ बसलेले असता एकच काता महिनोन्‌महिने करीत; नाइहान्चीच्या तीन काता आत्मसात होण्यास त्यांस दहा वर्षे लागली.

हा एकांत मोडला तो इतोसु आन्को (१८३१–१९१५) यांनी. राजदरबारी चिटणिशी केलेल्या या गृहस्थांनी १९०१ च्या सुमारास ओकिनावातील शुरीच्या प्राथमिक शाळेत ही विद्या नेली, आणि सक्तीची लष्करभरती ओकिनावात येऊन दशक उलटले असता, १९०८ मध्ये शिक्षण व युद्ध या दोन्ही खात्यांच्या माहितीसाठी दहा कलमांचे पत्र लिहून, शाळेतच कमावलेले शरीर पुढे लष्करी चाकरीसही उपयोगी पडेल असे प्रतिपादन केले. परंतु एका शिक्षकासमोर रांगेने उभ्या असलेल्या मुलांस कुसांकूसारखी दीर्घ व गहन काता झेपणार कशी? म्हणून जुन्या कातांतील हालचाली निवडून त्यांनी ‘पिनान’ या नावाच्या पाच लहान काता सिद्ध केल्या.

त्यांपैकीच एक असलेली हेइआन शोदान करून पाहिली म्हणजे ही शालेय योजना ध्यानात येते. डावीकडे वळून डाव्या हाताने खालून येणारा प्रहार झाडावयाचा, उजवे पाऊल पुढे टाकून उजव्या मुठीचा ठोसा द्यावयाचा, मग मागे फिरून दुसऱ्या अंगाने प्रतिकार; पुढे मधल्या सरळ रेषेवर तीन पावले चालत मस्तकावरील वार अडवावयाचे व तिसऱ्यास ‘किआइ’ची आरोळी ठोकावयाची. मोजक्याच क्रिया, त्यांची दोन्ही बाजूंस आवृत्ती आणि प्रत्येक अंकास एक हालचाल, अशी तिची बांधणी असल्यामुळे ‘इची, नी, सान’ (एक, दोन, तीन) या हुकमावर अवघा वर्ग कवायतीप्रमाणे एकदम हलू शकतो.

१९२२ मध्ये टोकियोस प्रात्यक्षिकासाठी गेलेले फुनाकोशी तेथेच स्थायिक झाले, आणि पुढे त्यांनी पिनानचे नाव ‘हेइआन’ केले व दुसरी काता अधिक सोपी म्हणून ती पहिल्या स्थानी आणली. म्हणजे आज जी पहिली आहे ती इतोसूंच्या क्रमात दुसरी होती.

शाळेत येऊन ही विद्या पातळ झाली, हा जाणत्यांचा आक्षेप निराधार नव्हे, कारण हालचालींमागील घातक अर्थ मुलांस शिकविला जात नसे. तथापि एकेका कातेस तीन-तीन वर्षे देणारी गुरुगृहाची रीत नव्या नोकरदार समाजात फार काळ तगती असे वाटत नाही. शिक्षणाचा क्रम येथे इतिहासाच्या उलट चालतो, आणि ज्यास मूळ विद्या हवी त्याने हेइआनवर न थांबता, ती जिच्यातून निघाली त्या कुसांकूपर्यंत मागे गेले पाहिजे.