बिल्ला आणि चेहरा

दारावरील पहारेकऱ्यास प्रत्येक येणाऱ्याविषयीं क्षणार्धांत ठरवावें लागतें कीं, हा घरचा किंवा परका. परंतु ज्या वर्णाच्या माणसांस पिढ्यान् पिढ्या परकें मानलें, तीं कायद्यानें घरचीं झालीं, तरी पाहणाऱ्याची दृष्टि तितक्याच त्वरेनें बदलते काय? अमेरिकेंतील दोन प्रसंगांच्या आधारें या प्रश्नाचा आपण विचार करूं.

वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या इमारतींचें रक्षण एक स्वतंत्र पोलीसदल करतें. दोन्ही सभागृहांचे सभासद मिळून 535. त्यांस दाराशीं तपासणीच्या यंत्रांतून जावें लागत नाहीं; ओळख पटावी म्हणून त्यांस कोटावर लावण्याचा एक लहानसा बिल्ला मिळतो.

दि. 29 मार्च 2006 रोजीं जॉर्जियाच्या प्रतिनिधि सिंथिया मॅकिनी या कृष्णवर्णीय बाई बिल्ल्यावांचून आंत शिरल्या. केशरचनाही त्यांनीं नुकतीच बदललेली होती. हाक मारूनही त्या थांबेनात म्हणून पोलिसानें त्यांस धरलें, तेव्हां त्यांनीं आपणांस मारलें, अशी त्याची तक्रार होती. आपल्या वर्णामुळें हें घडलें, असें बाईंचें म्हणणें होतें. 6 एप्रिल रोजीं त्यांनीं सभागृहांत दिलगिरी प्रकट केली, आणि जूनमध्यें ग्रँड ज्यूरीनें खटला चालविण्याचें नाकारलें.

येथें दोन्ही बाजूंमागें इतिहास उभा आहे. 24 जुलै 1998 रोजीं एका सशस्त्र इसमानें कॅपिटॉलमध्यें शिरून दोन पोलिसांस ठार केलें. त्यांपैकीं दारावरील जेकब चेस्टनट हे स्वतः कृष्णवर्णीय होते. पहारेकऱ्याची भीति काल्पनिक नव्हती, हें न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे.

दुसरीकडे, काँग्रेसमध्यें पहिले कृष्णवर्णीय सभासद 1870 मध्यें आले खरे. पण दक्षिणेंत त्यांच्या बांधवांचा मताधिकार हिरावला गेला, आणि 1901 पासून 1929 पर्यंत तेथें एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. ज्या सभागृहानें 28 वर्षें असा चेहराच पाहिला नाहीं, तेथें अडविली गेलेली व्यक्ति नुसत्या विस्मृतीवर विश्वास कशी ठेवील?

कोणी म्हणेल, बिल्ला असता तर वादच उद्भवला नसता. त्याचें उत्तर दुसऱ्या प्रसंगांत आहे. जुलै 2016 मध्यें सेनेटर टिम स्कॉट यांनीं सभागृहांत आपला अनुभव कथन केला. हे गृहस्थ कृष्णवर्णीय खरे, पण मॅकिनीबाईंच्या विरुद्ध पक्षाचे. लोकनियुक्त सभासद असतां एकाच वर्षांत पोलिसांनीं आपणांस सात वेळां अडविल्याचें त्यांनीं सांगितलें. एकदां तर कोटावर बिल्ला असूनही, बिल्ला ओळखतों, तुम्हांस ओळखत नाहीं, ओळखपत्र दाखवा, असें त्यांस ऐकावें लागलें. बहुसंख्य पोलीस कर्तव्यदक्ष असतात, हेंही त्यांनीं त्याच भाषणांत आवर्जून सांगितलें.

बिल्ला नव्हता तेव्हां दोष बिल्ल्यावर ढकलतां आला. बिल्ला होता तेव्हां चेहराच अपुरा ठरला. हाताचा तडाखा ज्यूरीस तोलतां येतो, दृष्टींतील संशय तोलतां येत नाहीं. तो सोसणाऱ्यासच ठाऊक असतो. म्हणूनच ओळख पटविण्याचें काम पहारेकऱ्याच्या अंदाजावर न सोंपवितां, सर्वांस सारख्या लागू होणाऱ्या नियमावर सोंपविणें इष्ट. प्रत्येकाचें ओळखपत्र पाहिलें गेलें, तर त्यांत कोणाचाही अपमान नाहीं. निवडक माणसांचेंच पाहिलें गेलें, तर शब्द कितीही सौम्य असोत, तो अपमानच होय.