रद्दीतले आमचे कागद

जालन्याच्या जुन्या बाजारात दोन तऱ्हेची माणसे धूळ उपसताना दिसतात. एक तऱ्हा शौकिनांची. त्यांना चारमिनार छापाचे हाली शिक्के हवे असतात, पितळी बटणे, विलायती घड्याळे, कधी काळच्या चिनीमातीच्या बरण्या. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी या शहरात १९०३ पर्यंत होती. साहेब गेले, मागे राहिलेल्या वस्तूंना किंमत आली. दुसरी तऱ्हा माझ्यासारख्यांची. आम्ही जे शोधतो त्याला किंमत नाही. ते किलोवर मिळते, आणि पुष्कळदा आम्ही पोहोचण्याआधीच शेंगदाण्याच्या पुडीत गेलेले असते.

हा छंद मला कसा लागला ते सांगितले पाहिजे. ते सांगताना मान खाली जाते, पण सांगितले पाहिजे.

आमचे गाव भोकरदन तालुक्यात, असईपासून फार दूर नाही. असईला १८०३ साली इंग्रज आणि शिंदे यांची लढाई झाली. तिथे इंग्रजांची किती माणसे पडली, किती तोफा हाती लागल्या, हे इंग्लंडमधल्या शाळकरी पोराला पुस्तकात मिळते. त्याच शिवारात मेलेली ढोरे ओढणाऱ्या, सांगावे पोहोचवणाऱ्या आमच्या माणसांनी पुढच्या दीडशे वर्षांत काय सोसले आणि कधी नकार दिला, याची नोंद कुठे आहे? आमच्या गावापुरती ती एका पत्र्याच्या पेटीत होती.

वडील तिसरीपर्यंत शिकलेले. त्यांचे मावसभाऊ मनमाडला रेल्वेत होते. ते बाबासाहेबांच्या 'जनता'चे अंक वाचून झाले की जमवून ठेवीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती जालन्यापर्यंत धाडीत. तिथून अंक पायी गावात यायचे. संध्याकाळी महारवाड्यात कंदिलाभोवती माणसे बसायची आणि वडील बोट ठेवून ठेवून वाचायचे. 'जनता' १९३० साली निघाले, १९५६ साली त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. वडिलांनी हाती आलेला एकही अंक टाकला नाही. वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधून पेटीत.

१९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकत होतो. विषय इतिहास! सुटीत घरी आलो तर आई-वडील खडी फोडायला गेलेले, घरात मिलोच्या लाल भाकरी, त्याही मोजून. फेरीवाला रद्दी मागत दाराशी आला आणि मी पेटी उघडली. त्याने गठ्ठे काट्यावर टाकले. आलेल्या पैशांत दोन दिवसांचे धान्य आले. संध्याकाळी वडील कामावरून आले, त्यांनी रिकामी पेटी पाहिली. मला वाटले, मारतील. ते एवढेच म्हणाले, "सुतळी बी दिली का रे?"

पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तेव्हापासून मी रद्दीची दुकाने फिरतो आहे.

माझा गुन्हा भुकेच्या मागे लपवता येईल, पण तो माझ्या एकट्याचाही नाही. आमच्या इतिहासाला घर नव्हते हे मूळ कारण आहे. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. त्यासाठी प्रती द्याव्या लागत, सूची निघत. मराठवाडा निजामाच्या राज्यात, त्या कायद्याच्या बाहेर. इकडचा दप्तरी कारभार उर्दूत, जुने वतनाचे कागद मोडीत, आणि दोन्ही लिप्यांपासून आम्हांला दूर ठेवलेले. महारवतनाचा कागद पाटील-कुलकर्ण्यांच्या घरी रुमालात बांधलेला असायचा. ज्याच्या राबण्याचा तो कागद, त्याला तो वाचता येत नसे. आज असे मोडी रुमाल वाडे पडले की बाजारात येतात. एखादा शौकीन त्यांतले वळणदार पान काचेत घालून दिवाणखान्यात लावतो. त्यात कुणाची बलुत्याची तक्रार आहे, हे त्याच्या गावीही नसते.

जालन्याजवळच बेथेल आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढे जालन्यात काम करू लागले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी मुख्यतः मांग-महारांतून ख्रिस्ती झालेल्यांसाठी हे गाव वसवले. धर्मांतराबद्दल कुणाचे काहीही मत असो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी निजामाच्या मुलखात अस्पृश्य घरांनी आपली वेगळी वस्ती केली, पोरांना शाळेत घातले, ही गोष्ट लहान नाही. मिशनची वृत्ते छापली जात, म्हणून ती टिकली. ज्यांनी गाव सोडून तिथे जायचे ठरवले, त्यांचे स्वतःचे शब्द मात्र मला या बाजारात आजवर मिळाले नाहीत.

छापलेले सगळे टिकले असेही नाही. जालन्याला लागून बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. ते १८८२ साली पुण्यात छापले, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जोतिरावांनी त्याची बाजू घेतली. तरी पुस्तक असे नाहीसे झाले की १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा बहुतेकांना ते नवेच वाटले. शिवराम जानबा कांबळे यांचे 'सोमवंशीय मित्र' १९०८ चे. किसन फागूजी बनसोडे यांनी तर एकामागून एक पत्रे काढली आणि कर्ज काढून चालवली. त्यांचे सलग संच मी कितीतरी वाचनालयांत मागितले. एकातही ते निघाले नाहीत.

बाबासाहेबांनाही जुन्या पुस्तकांचे वेड होते. न्यूयॉर्कला शिकताना त्यांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार जुनी पुस्तके घेतली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. थॉमस कुक कंपनीने भरपाईचे सहाशे रुपये दिले. त्या पैशांतून ते बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही, शिपाई फायली लांबून टेबलावर फेकीत. पुस्तके गेली म्हणून गाडीभाडे आले! आपल्याकडे पुस्तकांचा पैसा असाच होतो. पुढे त्यांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांची सोय पाहूनच. चांगदेव खैरमोडे यांनी पत्रे, कात्रणे जमवून चरित्राचे खंड लिहिले. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली सरकारी खंड निघू लागले. ही माणसे घरोघर गेली म्हणून आज एवढे तरी हाताशी आहे.

माझ्या फेरीवाल्याने नेले, ते मी विकले होते. १९७८ साली मात्र कुणी विकत मागितले नाही. २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या. माणसे मारली, घरे गेली, धान्य गेले. पंचनाम्यात भांडी आली, कपडे आले, शेळ्या आल्या. जळालेल्या वह्या, जलशाच्या गाण्यांची बाडे, दीक्षेच्या वेळचे फोटो कुणी लिहून घेतले? १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. तिथे आमचा इतिहास शिकणाऱ्या पोरांना साधने हवीत, आणि साधने तर राख झालेली.

रद्दीच्या धंद्याची रीत आता मला पाठ आहे. वर्तमानपत्र वेगळे, वही वेगळी, पुठ्ठा वेगळा. बांधीव पुस्तकाची पाठ आधी फाडतात, कारण पुठ्ठ्याचा भाव निराळा, आणि नावाचे पान बहुधा तिथेच जाते. जालन्यात तर लोखंड गाळणारे कारखाने पुष्कळ, म्हणून पत्र्याच्या पेट्या थेट भंगारात. पेटी भट्टीकडे निघण्याआधी तिच्या तळाशी पाहावे. माणसे तळाला कागद अंथरतात.

तसेच एकदा एका गंजक्या पेटीत मला 'जनता'चे अर्धे पान मिळाले. तारखेचा कोपरा कसरीने खाल्लेला. मजकूर काय? वर्गणीची यादी. नाव, गाव, आणि पुढे दोन आणे, चार आणे, एका जागी एक आणा. ना अग्रलेख, ना ठराव. शौकिनाला दाखवले असते तर त्याने परत केले असते. मी उभ्याउभ्या सगळी नावे वाचली. आमच्या गावाचे त्यात कुणी नव्हते.

दुकानदाराने त्या पानाचे पैसे घेतले नाहीत. आता मोडी किंवा फाटके जुने छापील काही आले की तो मुलाकडून मोबाइलवर कळवतो, "काका, येऊन बघा." गुडघे दुखतात, तरी जातो. ते पान प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहे. नातीने त्याचा फोटो काढून नावे एका वहीत उतरवायला घेतली आहेत. काही गावे कोणत्या तालुक्यातली, ते तिला अजून लागत नाही.